यात्रेतली पाठवणी

देवाच्या बाबतीत मी कधी हळवी नव्हते. घरातली पूजा मीच करते, पण आंघोळीनंतर केस विंचरावेत तशी. कुणाच्या अंगात आलं की मला चुलीवरचं काहीतरी आठवतं आणि मी आत जाते. देवीनं स्वप्नात येऊन सांगितलं, फूल उजवं पडलं, असं कुणी सांगायला लागलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो त्या बाईनं रात्री काय खाल्लं होतं हा. त्यामुळे हे लिहायला बसताना मलाच अवघडल्यासारखं झालंय. लिहिते आहे ते एवढ्यासाठी की आमच्या गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत जे घडलं ते माझ्याच ओसरीवर घडलं, आणि माझी अक्कल कुठवर पुरली आणि कुठे संपली ती जागा मला अजून नीट दाखवता येते.

माझं माहेर निपाणीचं. आई विड्या वळायची, घराला कायम तंबाखूचा वास. लग्न होऊन बेळगावजवळच्या मच्छ्याच्या पलीकडच्या या गावात आले. आमचे हे एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतात. मी दोन बायका हाताशी घेऊन ज्वारीच्या भाकरी करते आणि त्या बेळगावच्या खानावळींना जातात. घरामागच्या परड्यात आम्ही तीन खोल्या बांधल्यात, कारखान्यांत कामाला येणाऱ्या लोकांना भाड्याने देतो. आमच्या भागात आता घरटी एखादी तरी अशी खोली आहे.

गावची यात्रा दरवर्षी नसते. पुष्कळ वर्षं मध्ये जातात, मग गाव एकत्र बसतं आणि ठरवतं. ठरलं की आधीचे कित्येक आठवडे वार पाळायचे. म्हणजे मंगळवारी, शुक्रवारी शेतात जायचं नाही, जातं फिरवायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. माझा तर धंदाच तव्यावरचा. पहिल्या मंगळवारी मी थंड चुलीकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, आई, तुझी यात्रा तुला लखलाभ, पण माझ्या गिऱ्हाइकांनी काय खायचं? एवढी माझी भक्ती.

परड्यातल्या एका खोलीत मोईन, त्याची बायको रोशनारा आणि त्यांची मुलगी टुनू राहत होती. मोईन बंगालातला, मुर्शिदाबादकडचा. फौंड्रीत ठेकेदाराकडे कामाला. मुलगी बेळगावच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेली. रोशनाराचं मात्र निराळं होतं. ती तान्ही असताना तिची आई तिला घेऊन बांगलादेशातून नदी ओलांडून अलीकडे आली होती. हे मला कुणी कानात सांगितलं नाही. खोली मागायला आली त्याच दिवशी, नवरा डोळ्यांनी खुणावत असताना, तिनं स्वतः सांगितलं. “वैनी, मेरा आदमी इंडिया का है. बच्ची इधरही हुआ. हम उधर का है. बाद में मालूम होने से आपको बुरा लगेगा, इसलिए बोला.” मोईननं कपाळावर हात मारला. खोटं बोलून खोली मागणारे मी बरेच पाहिले होते. खरं सांगून मागणारी ही पहिली. धोका मला कळत होता. पण बाई स्वच्छ होती, भाकरीला हात हवा होता, आणि का कोण जाणे, ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं नाही. एका ताटात जेवणारी ती तीन माणसं, आणि तिघांचे तीन प्रकार. तो इथला, पोरगी इथे जन्मलेली, आणि ही कुठलीच नाही. पलीकडे तिचं कुणी उरलेलंही नव्हतं.

आठवड्याभरात ती भाकरी थापायला शिकली. तिच्याविषयी मी कौतुकानं बोलते ते त्या भाकरीमुळे नाही. वर्षभर मी तिला पाहत होते, तिनं एकदाही गयावया केली नाही, आणि एकदाही कुणाचं वाईट बोलली नाही. नळाला पाणी उशिरा आलं तर बाकीच्या बिऱ्हाडांचं भरून झाल्यावर आपलं भरायची. नमाज पढायची, मग पदर नीट करून पिठाला हात घालायची.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात चुडा भरायचा दिवस असतो. कासार पहिल्यांदा देवीच्या हातात हिरवा चुडा चढवतो आणि त्याच चुड्यातल्या बांगड्या घेऊन मग घरोघर फिरतो. गावातल्या सगळ्या बायकांनी त्या भरायच्या. त्या दिवसांत सुनांनासुद्धा गावच्या लेकी म्हणतात, एवढंच मला ठाऊक होतं. त्यामागे काही नेम असतील, असं मनातही आलं नव्हतं. आमच्या ओसरीवर कासार बसला तेव्हा घरात पाहुण्यांची गर्दी, चुलीवर दोन पातेली, आणि मला ते बांगड्यांचं काम एकदाचं उरकायचं होतं. दिसेल तिचा हात धरून मी पुढे ढकलत होते. रोशनारा डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात लसूण सोलत होती.

“अगं, तू का बसलीस? हो पुढं.”

“वैनी, हम?”

“का, हात न्हायत तुला?”

कासारानं बघितलंही नाही. डोकी झाकलेल्या बायकांच्या रांगेत एक हात आला, त्यात त्यानं बांगड्या भरल्या. रोशनारा बराच वेळ मनगट फिरवून बघत होती. मी म्हटलं, “बास झालं कौतुक, लसूण राहिलाय.”

देवी वाजतगाजत उठली आणि गावाबाहेरच्या मांडवात जाऊन बसली. पाळणे आले, मिठाईची दुकानं आली, घरोघरी जेवणावळी सुरू झाल्या. आणि दोनच दिवसांनी फौंड्रीवर तपासणी झाली. ठेकेदाराच्या बंगाली बोलणाऱ्या सगळ्या कामगारांना चौकशीसाठी बेळगावला नेलं. त्यांत मोईन. देशाला कायदा असतो, चौकशी व्हायला हवी, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण गाडीत बसवतानाचा फोटो कुणीतरी काढला आणि तासाभरात तो गावच्या सगळ्या मोबाइलवर फिरला. खाली काय काय लिहिलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काल ज्याच्याकडून लोक सिलिंडर उचलून घेत होते तो माणूस आज घुसखोर झाला होता.

दुसऱ्या दिवशी डेअरीवरच्या बाईनं रोशनाराच्या भांड्यात दूध घातलं नाही. टुनू पाळण्यात बसली होती, तिला एका बाईनं खाली उतरवलं आणि आपला मुलगा बसवला. पोरगी रडली नाही, तिला वाटलं तिची पाळी संपली. मला सगळ्यात जास्त राग आला तो आम्हा लोकांचा. आम्ही सीमाभागातली माणसं. दुकानाच्या पाटीवरून, बसवरच्या अक्षरांवरून, कचेरीतल्या अर्जावरून ‘तुम्ही नक्की कुठले’ हा प्रश्न आम्ही जन्मभर ऐकत आलोय. तो किती टोचतो ते आम्हाला कुणी शिकवायला नको. तरी दुसऱ्याला तोच प्रश्न विचारताना आमच्या आवाजाला केवढी धार आली होती!

त्या दुपारी आमच्या अंगणात पोरं आली. पुढे संजू, माझ्या दिराचा मुलगा. माझ्या हातच्या भाकरी खाऊन वाढलेला. मागे दीर बाळाप्पा, ते गावचे पंच. आणखी मागे बघे. रोशनारा ओसरीवर पिठाच्या परातीपुढे बसली होती, टुनू तिच्या पाठीला चिकटून.

“काकू, खोली मोकळी करा. आजच्या आज,” संजू म्हणाला.

“घरात पाव्हणं, देवी मांडवात बसलीया, आणि तुला खोल्या सुचतात व्हय रं?”

“देवी बसलीया म्हणूनच. गावात घाण नको.”

“घाण काढायची तर आधी तुझ्या गाडीखालचं ऑइल पूस. माझ्या फरशीवर गळतंय.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यानं तो जास्तच पेटला. “हसा, हसा! उद्या हीच लोकं तुमची घरं घेतील, तवा कळंल.”

“तीन बिऱ्हाडात मिळून न्हाणी एक हाय. कुठलं घर घेती ती, न्हाणी?”

तोंडाला तोंड देणं मला जमतं. पण बाळाप्पा बोलायला लागले तेव्हा माझ्याजवळचं संपलं, कारण ते चिडून बोलत नव्हते. “वैनी, पोरांची बोलायची रीत चुकती, पर मुद्दा चुकत न्हाय. नवरा आत हाय, त्याचं काय ते कागद बघून होईल. पोरगी त्याची, तिला कोण हात लावत न्हाय. पर ही बाई पलीकडची, हे ती सोता सांगती. तिला आज न उद्या नेणारच. पोरीला ठेवून घेऊ, हिला पोलिसांच्या सोधीन करू. आपण मधी कशाला पडायचं?”

त्यांनी ते अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं. आईला एकीकडे, पोरीला एकीकडे, धान्य आणि भुसा वेगळा करावा तसं. कायदा मला ठाऊक नव्हता, गावाशी वैर परवडणारं नव्हतं, आमचे हे कामावर होते.

रोशनाराला आमची बोली आता कळत होती. ती उठली. पिठाचे हात तिनं परातीच्या कडेला निपटले, पीठ वाया जाऊ नये म्हणून, आणि माझ्याकडे वळली. “वैनी, हम जायेगा. बच्ची को आप रखना. उसका बाप आयेगा तो उसको दे देना.” मग म्हणाली, “उसको गरम भात नहीं चलता. थंडा करके देना.”

एवढंच. रडली नाही, कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. पुष्कळ बायकांचं धैर्य मी पाहिलंय, माझ्या आईचं पाहिलंय. पण आपलं मूल दुसऱ्याच्या पदरात टाकताना भाताची आठवण ठेवणारं हे धैर्य मला झेपलं नाही. मी आत गेले. चुलीचं निमित्त करून नाही, सरळ देवघरापुढे जाऊन उभी राहिले. हात जोडले की नाही, आठवत नाही. म्हटलं, “आई, माझ्याजवळ होतं तेवढं बोलून झालं. आता मला काही सुचत न्हाय. तू बघ. न्हाय बघितलंस तरी मी काय करणार?” ही काही प्रार्थना नव्हे. रागही नव्हता. ओझं नेता नेता हात गळून जातात आणि ते आपोआप खाली ठेवलं जातं, तसं झालं.

बाहेर आले तर अंगणाच्या दारात गंगाक्का उभी होती. हातात तांब्या.

गंगाक्काविषयी सांगायला हवं. लक्ष्मीची पहिली ओटी भरायचा मान तिच्या घराचा. वय किती ते तिलाही ठाऊक नाही. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती मागच्या गल्लीतल्या आपल्या घराचा उंबरा ओलांडत नव्हती. देवीच्या ओटीलासुद्धा तिला खुर्चीत बसवून नेलं होतं. आणि जीभ अशी की गावचे पंच वळसा घालून जातात.

“ताक हाय काय गं?” ती म्हणाली. “आमची सून दही लावायचं इसरली. यात्रेच्या घरात ताक न्हाय, कुणाला सांगायची सोय न्हाय.” मग तिनं गर्दीवरून नजर फिरवली. “ही एवढी माणसं का जमल्यात? कोण मेलं?”

बाळाप्पांनी घसा साफ करून सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, कारण तिचे डोळे रोशनाराच्या हातांवर होते.

“हिकडं ये गं पोरी. हात दाव.” रोशनारानं पिठाळलेले हात पुढे केले. “ह्यो चुडा कुणी भरला?”

“कासारानं,” मी म्हटलं. “आमच्याच ओसरीवर.”

“यात्रेचा?”

“व्हय.”

गंगाक्कानं तांब्या ओसरीवर ठेवला. “मग हे काय घेऊन बसलाईसा? देवीच्या चुड्यातला चुडा चढला, पोर गावची झाली. कुठली, कुणाची, हे चुडा भरायच्या आधी इचारायचं असतंय. आता इचारून काय उपेग?”

“आज्जी, ती आपल्यातली न्हाय,” संजू म्हणाला. “मुसलमान हाय. त्यात बांगलादेशी.”

“मग मांडवात जा आणि आईला सांग, तुझी चूक झाली म्हणावं.”

“चुकून भरला असंल कासारानं.”

“असंल. मग फोड की.” तिनं रोशनाराचं मनगट धरून त्याच्यापुढे केलं. “ये. यात्रेत, आईचा चुडा, तुझ्या हातानं फोड. मी बघतो तुझ्यात केवढा दम हाय त्यो.”

आमच्याकडे सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. यात्रेचा चुडा फोडायचा, तोही देवी बसलेली असताना! संजूनं हात मागे घेतले आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. मागचे बघे आपल्या चपला बघू लागले.

“अक्का, ते खरं,” बाळाप्पा हळूच म्हणाले. “पर पोलीस न्यायला आलं तर?”

“आलं तर जेवायला वाढ. आणि मी सांगतो ते त्यास्नी बी सांग. यात्रेतली लेक माहेरातनं निघती ती ओटी भरून, आणि तिच्या माणसाच्या हातात. वाटंवरच्या माणसाच्या हातात लेक देत्यात व्हय रं, बाळाप्पा? तुझी पोरगी दिलीस तशी? हिचा माणूस कुठाय?”

“बेळगावात. ठाण्यात.”

“मग जा, घेऊन ये. गावचा पंच न्हवं तू? जावयाला आणायचं काम पंचाचंच.”

हा नेम मी त्या घडीपर्यंत ऐकला नव्हता. बाळाप्पांना मात्र तो ठाऊक असावा, कारण त्यांनी वाद घातला नाही. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाईला घालवायला आलेला माणूस तिच्या नवऱ्याला आणायला बांधला गेला होता.

थोड्या वेळानं खरंच पोलीस आले. एक वयस्क हवालदार आणि एक महिला पोलीस. हवालदार कन्नड बोलणारे, बैलहोंगलकडचे. गंगाक्कानं त्यांना उभ्याउभ्याच सांगितलं, “इवळु नम्म मगळु, आप्पा.” ही आमची लेक आहे. मग कन्नडमधूनच चुड्याचं, ओटीचं, नवऱ्याचं सगळं सांगितलं. हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांच्याही गावात देवी होती, तिचीही यात्रा होती. ते मराठीवर येत म्हणाले, “अक्का, मला वरून हुकूम हाय. चौकशी तर व्हायला पायजे.” मी पुढे झाले. म्हटलं, “चौकशीला नको कोण म्हणतंय? ती इथंच हाय, कुठं जात न्हाय. नवरा सुटला की दोघं मिळून येतील, संगं आम्ही येतो, वकील येतील. फक्त आज तिला एकटी नेऊ नका.” त्यांनी बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला. बराच वेळ बोलत होते. परत आले, नवरा सुटला की दोघांना घेऊन या म्हणाले आणि बूट काढून पंगतीला बसले. महिला पोलिसानं टुनूला मांडीवर घेतलं.

बेळगावच्या कोर्टात वकिली करणारी माझी एक मावसबहीण आहे. माझ्याहून रोखठोक. त्या संध्याकाळी तिला फोन केला तर म्हणाली, “कालच करायचास की!” पण कामाला लागली. मोईनच्या भावानं गावाकडून त्याचे कागद मोबाइलवर पाठवले होते, ते तिनं ठाण्यात नेऊन दिले. सकाळी बाळाप्पा टेम्पोतून बेळगावला निघाले. टेम्पो संजूचा आणि चालवणाराही तोच. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून त्यानं चावी फिरवली.

दुपार कलताना टेम्पो परत आला. मोईन मागे हौद्यात बसला होता, पुढे या म्हटलं तरी आला नव्हता. बाळाप्पा पाणी पिऊन ओसरीवर टेकले. मी विचारलं, “सोडलं व्यवस्थित?”

“सोडलं. कागद बरोबर निघालं. पर वळखीला कोण, म्हणून साहेबांनी इचारलं. म्हटलं, मी. तर म्हणतात, तुम्ही ह्याचं कोण लागता?” बाळाप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं. “काय सांगू, वैनी? सांगितलं, ह्याच्या बायकूचा काका.”

मग पाठवणी झाली. मला वाटलं होतं गंगाक्का आता एवढ्यावर सोडून देईल. पण ती पुन्हा आली, या खेपेला खुर्चीतून, आणि म्हणाली, नेम म्हणजे नेम. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू काढलं. ओटीला बसायच्या आधी रोशनारानं मला आत ओढलं आणि कुजबुजली, “वैनी, ये लेने से अल्लाह नाराज तो नहीं होगा?” मी म्हटलं, “नारळ हाय गं तो. उद्या चटणी कर.” ती पहिल्यांदा हसली. बाहेर येऊन दोन्ही हातांनी पदर पसरून बसली. गंगाक्कानं ओटी भरली, तिचा हात उचलून मोईनच्या हातात दिला आणि म्हणाली, “नीट संभाळ. काय कमी-जास्त झालं तर पोरीला परत यायला घर हाय हितं.” मोईनला शब्द कळले नसावेत. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली आणि मग ती वर करायलाच त्याला बराच वेळ लागला.

गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. लेक निघाली की चार पावलं तिच्याबरोबर जायचं, म्हणून सगळ्या निघाल्या. पुढच्या दारातून बाहेर, घराच्या कडेनं, जळणाच्या राशीला वळसा घालून परड्यात. सासर तिथेच तर होतं, मागच्या खोलीत. “नशीब लागतंय बाई,” एकजण म्हणाली, “आमची सासरं एवढी जवळ असती तर!” बायका हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. डेअरीवरची बाईही त्यात होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आम्ही दोघींनी काही विषय काढला नाही. खोलीचं दार लागलं. आतून टुनूचा आवाज आला, बापाला यात्रेतल्या मिठाईचं काहीतरी सांगत होती.

सगळं गोड झालं, असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आम्ही तिला घेऊन ठाण्यात गेलो. तिनं तिथेही आपलं सगळं खरं तेच सांगितलं. आता तिची केस चालू आहे. ठरल्या दिवशी हजेरी द्यावी लागते, तारखा पडतात, बहीण पुढचं बघते. निकाल काय लागेल हे तिलाही सांगता येत नाही. गावात काहींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. संजू समोर आला की मोबाइलमध्ये बघतो. एका खानावळीनं भाकरी बंद केल्या. देवी आपली यात्रा आटोपून शिवेपलीकडे गेली तेव्हा मी गर्दीत उभी होते आणि मला पहिल्यांदाच तिची पाठ बघून भीती वाटली, की आता हिच्यावाचून आमचं कसं?

त्या दिवशी काय झालं, याचा मी पुष्कळ विचार केला. माणसांनी सगळं केलं हे उघड आहे. हात मी पुढे ढकलला, बांगड्या कासारानं भरल्या, नेम गंगाक्कानं सांगितला, माणूस बाळाप्पांनी आणला. पण त्या घाईच्या सकाळी मी ते का म्हटलं, याला माझ्याजवळ कारण नाही. आणि उंबरा न ओलांडणारी म्हातारी नेमकी त्याच वेळी का आली, यालाही नाही. मी एकदा गंगाक्काला भीत भीत म्हटलं, “अक्का, त्या दिवशी आईनंच तुला धाडलं.” ती भडकली. “आईला दुसरं काम न्हाय व्हय? आमची सून दही लावायचं इसरली म्हणून आलतो मी.” तिचंच खरं असेल. आईनं सुनेला विसरायला लावलं, असं म्हणायचा मला अधिकार नाही.

मला कळलं ते एवढंच. आजवर मी समजत होते, देवावर सोडणं म्हणजे हातपाय गाळणं, आणि हातपाय गाळणारी माणसं मला आवडत नाहीत. पण त्या दुपारी मी सोडलं ते करण्यासारखं सगळं करून झाल्यावर, आणि सोडल्यावरही काम संपलं नाही. उलट नंतरच जास्त पडलं. फरक एवढाच झाला की ते माझ्या एकटीच्या बळावर पेलायचं आहे, ही समजूत गेली. रोशनाराला हे माझ्या आधी कळलं असावं. ती दर तारखेला सकाळी आंघोळ करून, टुनूची वेणी घालून, माझ्या दारात येऊन शांत उभी राहते. मी घाबरलेली असते, ती नसते. तिच्याकडे बघून मी चप्पल पायांत घालते.

आता संध्याकाळी भाकरी गेल्या की मी शिवेवरून परत येऊन बसलेल्या लक्ष्मीच्या देवळात जाते. नवस बोलत नाही, काही मागत नाही, मला ते अजूनही जमत नाही. घरच्या मोठ्या बाईला दिवसाचं काय ते सांगून टाकावं तसं निघताना सांगते, “येतो गं आई. आज बी तिघं घरात हायत.”